ऑपरेशनल कारणास्तव

मार्च आणि ऑक्टोबर हे आमच्या धंद्यातले वैतागाचे महिने. विमान कंपन्यांची वेळापत्रकं वर्षातून दोनदा पालटतात. मार्चच्या शेवटच्या रविवारी उन्हाळी लागू होतं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हिवाळी. लोकांनी लग्नसराईची, दिवाळीची, सुट्यांची तिकिटं तीन-चार महिने आधी काढून ठेवलेली असतात, ती सगळी कंपनीच्या अंदाजावर. नवं वेळापत्रक लागू होण्याआधीच्या पंधरवड्यात दुकानाचं शटर वर करून कॉम्प्युटर सुरू केला की बुकिंगच्या क्यूमध्ये ओळीच्या ओळी दिसतात. मोठ्या कंपन्यांच्या बुकिंगवर दोन अक्षरांची खूण येते. ‘टीके’ असेल तर वेळ बदलली, पण जागा शाबूत. ‘यूएन’ असेल तर ते विमानच गेलं. स्वस्तातल्या कंपन्यांचा नुसता मेल येतो. ऑपरेशनल कारणास्तव आपल्या उड्डाणाच्या वेळेत बदल झाला आहे, आणि खाली नवी वेळ. ते कारण काय, हे आजवर एकाही मेलमध्ये माझ्या वाचनात आलेलं नाही.

माझं तिकिटांचं दुकान जळगावात, घराणं धुळ्याचं. त्यामुळे पारोळा, अमळनेर, शिरपूर, साक्रीकडची पुष्कळ मंडळी ओळखीने माझ्याकडे येतात. सुरुवातीला काम रेल्वेचं आणि लक्झरीचं. विमानाचं तिकीट म्हणजे मुंबईहून पुढचं. जळगावातून विमान हा प्रकार नंतरचा, आणि तोही कसा, ते माहीत असल्याशिवाय आमच्याकडच्या माणसाचा विमानावरचा अविश्वास कळायचा नाही.

अजिंठ्याच्या रस्त्याला कुसुंब्याजवळ धावपट्टी जुनी, 1970 च्या दशकातली. तिचं नूतनीकरण होऊन 2012 साली राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते विमानतळाचं उद्घाटन झालं. माहेरच्या बाईने केलेलं उद्घाटन म्हणून जिल्ह्याला केवढं कौतुक! पण नियमित प्रवासी विमानासाठी पुढे बरीच वर्षं वाट पाहावी लागली. ‘उडान’ योजनेतून 23 डिसेंबर 2017 ला एअर डेक्कनचं मुंबईचं विमान सुरू झालं. जेमतेम अठरा-एकोणीस माणसांचं बीचक्राफ्ट. ते फार काळ टिकलं नाही. मग 1 सप्टेंबर 2019 ला ट्रूजेट आली, मुंबई-जळगाव-अहमदाबाद, सत्तरेक आसनांचं एटीआर. सहा महिने होतात न होतात तोच कोरोना. ट्रूजेटने 2022 च्या सुरुवातीला उड्डाणंच थांबवली. 2024 मध्ये गोव्याची फ्लाय-91 आली, गोवा, हैदराबाद आणि पुढे पुणे घेऊन. त्याच वर्षी अलायन्स एअरने मुंबईचं विमान सुरू केलं.

मोठ्या शहरातल्या माणसासाठी वेळापत्रक बदलणं म्हणजे साडेआठचं विमान नवाला जाणं. आमच्याकडे वेळापत्रक बदललं म्हणजे कधीकधी कंपनीच दिसेनाशी होते. म्हणून दुकानात येणारा धुळेकर भाडं नंतर विचारतो. त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, “भाऊ, इमान चालू शे का बंद शे?” यात चेष्टा नाही.

या अविश्वासामागे एक खरी गणिती बाब आहे. मुंबईहून दिल्लीला दिवसाला कितीतरी विमानं आहेत. एक रद्द झालं तर कंपनी दोन तासांनी दुसऱ्यात बसवते. जळगावच्या एखाद्या मार्गावर विमान आठवड्यातून तीन-चार दिवस असतं. इथे ‘पुढचं उपलब्ध विमान’ म्हणजे परवाचं, नाहीतर तेरवाचं. नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दिल्ली-मुंबई होती, कुसुंबा नव्हतं.

नियम म्हणजे डीजीसीएचे, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे. 2010 साली आले, पुढे त्यात फेरबदल झाले. माझ्या टेबलाच्या काचेखाली त्यांचा कागद आहे, कारण भांडायची वेळ आली की तोंडी बोलण्याला कोणी विचारत नाही. विमान रद्द करायचं तर कंपनीने दोन आठवडे आधी कळवावं, आणि प्रवाशाला मान्य असेल ते, म्हणजे दुसरं विमान किंवा पैसे परत, द्यावं. ती दोन आठवड्यांची मुदत हुकली तरी निघायच्या चोवीस तास आधीपर्यंत कळवलं आणि हाच पर्याय दिला तर कंपनी सुटली. तसं न कळवता रद्द केलं तर भरपाई. तासाभराच्या उड्डाणाला 5,000 रुपये, दोन तासांपर्यंत 7,500, त्यापुढे 10,000.

इथवर वाचून माणूस खूश होतो. पण त्याच वाक्यात पुढे एक शेपूट आहे. ही रक्कम किंवा तिकिटाचं मूळ भाडं आणि इंधन अधिभार, यातलं जे कमी असेल ते. ‘उडान’मध्ये तासाभराच्या प्रवासाला निम्म्या जागांचं भाडं अडीच हजारांच्या आसपास बांधलेलं. त्यातलं मूळ भाडं धरा दोन हजार. म्हणजे जळगावच्या माणसाचे पाच हजार बसल्या जागी दोन हजार होतात. भाडं जितकं स्वस्त, तितका दिलेला शब्दही स्वस्त. युरोपात 2004 चा कायदा आहे. तिथे भरपाई अंतरावर ठरते, 250 ते 600 युरो. तिकीट किती रुपयांना घेतलं होतं, हे कोणी विचारत नाही. ते मला जास्त न्यायाचं वाटतं, कारण माणसाचं नुकसान तिकिटाच्या किमतीवर ठरतच नाही. ते ठरतं तो कशासाठी निघाला होता त्यावर.

एरंडोलच्या एका काकूंचं सांगतो. लेक मस्कतला, पहिलं बाळंतपण. काका नाहीत, गुडघे दुखतात, म्हणून रात्रभर रेल्वे नको. जळगाव ते मुंबई छोटं विमान सकाळी अकराच्या सुमारास, आणि मुंबईहून मस्कतचं त्याच दिवशी सायंकाळी. दोन कंपन्या, दोन तिकिटं, दोन पीएनआर. मेथीचे लाडू, डिंकाचे लाडू, बाळाची झबली-टोपडी, असं सगळं वजन करून दोन बॅगांत भरलेलं. आदल्या रात्री नऊला मेसेज आला की जळगावचं विमान अकराऐवजी चारनंतर सुटेल. कंपनीचं नाव घेण्यात अर्थ नाही. तिच्या जागी दुसरी असती तरी गाडी याच वळणाने गेली असती.

मी हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, “सर, फ्लाइट कॅन्सल नाहीये, फक्त रीशेड्यूल आहे.” मी म्हणालो, पुढचं विमान चुकतंय. तर, ते आमच्या तिकिटावर नाही, सर. दोन्ही वाक्यं खरी होती. नियमाप्रमाणे उशीर सहा तासांहून जास्त असेल तर पर्यायी विमान किंवा पूर्ण पैसे मागता येतात. आमचा उशीर पाच तासांच्या थोडा वर. एवढ्या छोट्या उड्डाणाला दोन तासांवर उशीर झाला की चहा-नाश्ता, जेवण द्यावं लागतं. म्हणजे काकूंना कायद्याने काय मिळत होतं? कुसुंब्याच्या विमानतळावर बसून खायला एक सँडविच, आणि तोवर मस्कतचं विमान मुंबईहून निघण्याच्या तयारीत.

रेल्वेचं तत्काळ आदल्या दिवशी सकाळी सुटतं. रात्री नऊला ते संपलेलं, मुंबईच्या सगळ्या गाड्या वेटिंगवर. शेवटी काकूंच्या पुतण्याने टॅक्सी ठरवली. धुळे, मालेगाव, नाशिक, कसारा घाट, जवळपास चारशे किलोमीटर, भाडं साडेनऊ हजार, टोल वेगळा. पहाटे तीनला निघाल्या. टेहरे फाट्याच्या आसपास थांबून गुडघे मोकळे केले, असं पुतण्याने फोनवर सांगितलं. मस्कतचं विमान मिळालं. जळगावच्या तिकिटाचे पैसे भांडून परत मिळाले, तेही थेट त्यांना नाही, माझ्या एजंट वॉलेटमध्ये, बऱ्याच दिवसांनी. मी काकूंच्या घरी नेऊन दिले. पुतण्या म्हणाला, यात टॅक्सीचा घाटापर्यंतचाही खर्च निघत नाही. त्याचं गणित बरोबर होतं.

तेव्हापासून परदेशी जाणाऱ्याला मी शक्यतो एकाच पीएनआरवर तिकीट घ्यायला लावतो. महाग पडतं, पण मधलं एक विमान हललं की पुढचं जुळवून देणं कंपनीच्या गळ्यात येतं. छोट्या कंपन्यांचे मोठ्यांशी करार नसतील तर तशी जोडणी होतच नाही. मग सांगतो, मुंबईला आदल्या दिवशी पोचा, नातलगाकडे राहा. खानदेशातल्या माणसाला कल्याण-डोंबिवलीत एक तरी नातलग असतोच.

उशिरापेक्षा आमच्याकडे वाईट म्हणजे विमान लवकर सुटणं. धुळ्याचा माणूस नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर येणार. फागणे ते तरसोद रस्त्याच्या चौपदरीकरणाने किती वर्षं खाल्ली ते या भागात कोणालाही विचारा. पारोळा-एरंडोलची धूळ अंगावर घेत तो अडीच तास धरून निघतो. विमान चाळीस मिनिटं अलीकडे आलं आणि मेसेज पाहिला नाही, तर तो दारात पोचेपर्यंत काउंटर बंद. कागदावर बदल किरकोळ. माणूस मात्र ‘नो-शो’ ठरतो, म्हणजे स्वतःच्या चुकीने न आलेला.

आता मेसेज का पाहिला नाही? इथे आमच्याच धंद्यातली एक वाईट खोड सांगायला हवी. पुष्कळ एजंट बुकिंगमध्ये गिऱ्हाइकाचा नंबर घालत नाहीत, स्वतःचा घालतात. गिऱ्हाईक कंपनीकडे थेट वळेल ही भीती. रात्री एजंट फोन बंद करून झोपला की कंपनीचा निरोप त्याच्या उशाशी पडून राहतो. आणि नियमात स्पष्ट आहे की प्रवाशाने संपर्काचा पुरेसा तपशील दिला नसेल तर भरपाई नाही. कंपनी म्हणते, आम्ही कळवलं. कळवलं खरं, पण भलत्याच माणसाला. कोणाकडूनही तिकीट काढा, बुकिंगवर आपला नंबर आहे का एवढं आधी विचारा. परताव्याचंही तसंच. तिकीट एजंटकडून घेतलं असलं तरी पैसे परत करण्याची जबाबदारी नियमाने विमान कंपनीचीच आहे, एजंट तिचा प्रतिनिधी. कंपनीकडून अजून आले नाहीत असं महिनोन्महिने सांगणारा एजंट भेटला तर नियमातलं ते वाक्य त्याच्यापुढे ठेवावं. “मन्हा पैसा कव्हय भेटतीन?” म्हणत दहा चकरा मारणारे मामा मी दुसऱ्यांच्या दुकानांसमोर पाहिले आहेत.

प्रवासीही सगळे बिचारे नसतात. वेळ बदलल्याचा मेसेज ही काहींना लॉटरी वाटते. साखरपुडा मोडला, गोव्याला जायचं रद्द झालं, आणि नेमकं विमान वीस मिनिटांनी पुढे सरकलं. लगेच दुकानात हजर. “भाऊ, आता फुल रिफंड मिळेल ना?” वीस मिनिटांनी काय बिघडलं, असं विचारलं की हसतात. एकाने तीन तासांच्या उशिराला पंचतारांकित हॉटेल मागितलं होतं, कुठल्याशा व्हिडिओत पाहून. हॉटेल लागतं ते चोवीस तासांवर उशीर झाला तर, किंवा रात्री आठ ते पहाटे तीनच्या दरम्यानचं विमान सहा तासांवर लांबलं तर. त्यांना कागद दाखवला, तर म्हणाले हा जुना असेल.

कंपन्यांच्या अडचणीही खोट्या नाहीत. मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळीसला टेकतो. तापलेली हवा विरळ असते, विमानाला उचलून धरायला तिच्यात दम कमी, धावपट्टी जास्त लागते. आपली धावपट्टी सतराशे मीटरच्या घरातली. मग काही वेळा वजन कमी करावं लागतं किंवा ऊन उतरायची वाट पाहावी लागते. मुंबईला उतरायची वेळ मिळणं हे तर वेगळंच युद्ध. तिथल्या गजबजलेल्या धावपट्टीवर मोठ्या विमानांच्या गर्दीत सत्तर माणसांच्या एटीआरला सोयीची वेळ मिळवणं अवघड. त्यात छोट्या कंपनीकडे विमानं मोजकी. तेच विमान सकाळपासून गावोगाव फिरत येतं. पहिल्या गावी पाऊण तास गेला की आमच्यापर्यंत येताना त्याचे दोन तास होतात. हे सगळं मला समजतं, आणि नीट सांगितलं तर प्रवाशालाही समजतं. खानदेशातला माणूस एसटीवर वाढलेला आहे, थांबायची त्याला सवय आहे. सकाळीच माहीत असलेला उशीर दुपारपर्यंत अर्ध्या-अर्ध्या तासाने सांगत राहणं, हे त्याला खपत नाही. उशीर खरा सांगितला असता तर तो घरी जेवून आला असता.

2025 च्या डिसेंबरात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. वैमानिकांच्या कामाच्या तासांचे नवे नियम लागू झाले आणि कंपनीचं नियोजन कोलमडलं. देशभर गहजब झाला. सरकारने भाड्यांवर मर्यादा घातली. कंपनीने, नियमाने लागू होणाऱ्या भरपाईखेरीज, सर्वाधिक त्रास झालेल्या प्रवाशांना 10,000 रुपयांची व्हाउचर जाहीर केली. म्हणजे ठरवलं तर मूळ भाड्याच्या पलीकडे जाऊन देता येतं. पण त्यासाठी मोठ्या विमानतळांवर बॅगांचे डोंगर आणि त्यांच्यापुढे टीव्हीचे कॅमेरे लागतात. जळगावचं एक विमान रद्द झालं तर तीस-चाळीस माणसं रिक्षा करून गुपचूप स्टेशनकडे जातात.

मला जे वाजवी वाटतं ते फार नाही. रोख भरपाईपेक्षा आमच्यासारख्या गावी पोचवण्याची हमी महत्त्वाची. एकुलतं विमान रद्द झालं तर कंपनीने मुंबई-पुण्याची बस किंवा गाडी करून द्यावी, किंवा प्रवाशाने केलेल्या गाडीचं बिल वाजवी मर्यादेत भरावं. यासाठी पैसा कुठून आणायचा, असं एका कंपनीच्या माणसाने मला विचारलं होतं. माझं उत्तर तयार होतं. ‘उडान’मध्ये कंपनीचा तोटा सरकार भरून देतं, तीन वर्षं, आणि त्यातला वीस टक्के वाटा राज्याचा. उड्डाण झालंच नाही तर ती रक्कम कंपनीला मिळत नाही, सरकारकडेच राहते. त्या दिवशी विमानाला द्यायचा पैसा त्या दिवसाच्या बसला द्या. जिल्ह्याला शब्द दिला होता तो मुंबईला नेण्याचा. तो म्हणाला, आयडिया चांगली आहे. आणि चहा पिऊन गेला.

कोर्टकचेरीचं नाव काढलं की आमच्याकडची माणसं पाय मागे घेतात. पण ग्राहक संरक्षणाचा 2019 चा कायदा आल्यापासून प्रवासी जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. धुळ्याच्या माणसाला कंपनीच्या मुख्य कचेरीच्या गावी जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. आणि 2021 चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल मी सगळ्यांना सांगतो. रेल्वे चार तास उशिरा जम्मूला पोचली, श्रीनगरचं विमान चुकलं, कुटुंबाला टॅक्सी करावी लागली. उशिराचं कारण रेल्वेला पटवून देता आलं नाही, म्हणून टॅक्सीचा खर्चही तिलाच द्यावा लागला. हा निकाल मी काकूंच्या पुतण्यालाही वाचून दाखवला. मेसेज, टॅक्सीची पावती, बोर्डावरच्या वेळेचा फोटो, सगळं जपून ठेव म्हटलं. त्याने पावतीच घेतली नव्हती. तोवर मामा झाल्याचा पेढा वाटून झालेला, भांडायची इच्छा कोणाला उरली नव्हती.

धुळ्याला घरी गेलो की सकाळी गोंदूरच्या धावपट्टीवरून शिकाऊ विमानांची घरघर ऐकू येते. तिकडे शिरपुरातही वैमानिक घडवणारी संस्था आहे. जिल्हा वैमानिक तयार करतो, प्रवासी विमान मात्र एकही नाही. 2023 मध्ये दादरची थेट रेल्वे आठवड्यातून तीन दिवस सुरू झाली तेव्हा लोकांनी इंजिनाला हार घातले. ज्यांना वेळ पाळायचीच आहे ते नाशिकजवळ ओझरच्या विमानतळावर जातात, रस्ता बरा आहे.

आमच्या गल्लीतले आबा मात्र जळगावहूनच हैदराबादला जातात. मुलगा तिथे नोकरीला आहे, आणि बाराशे रुपये वाचले तर त्यांना प्रवासाचा आनंद जास्त होतो. यंदा तिकीट काढताना मी बुकिंगवर त्यांचा नंबर घातला. ते म्हणाले, माझ्या फोनवर मेसेज आला तरी मला वाचता येत नाही, बटणाचा फोन आहे, नातीचा घाल. नात कॉलेजात जाते, तिचा फोन दुपारपर्यंत बंद. शेवटी असं ठरलं की बुकिंगवर नातीचा नंबर, माझ्या वहीत आबांचा, आणि आदल्या रात्री नऊला मी त्यांना फोन करायचा, विमान चालू आहे की बंद ते सांगायला.